डाग उंच, सपाट की खोल?

प्रश्न : वडिलांना लग्नात मिळालेले एचएमटी जनता घड्याळ माझ्याकडे आहे, चावीचे. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले तेव्हा ते कपाटाच्या खालच्या खणात होते. गाळातून काढले, पुसले आणि त्या धांदलीत एका डब्यात ठेवून दिले, ते तसेच राहिले. आता निवृत्त झाल्यावर एका घड्याळजींकडे बसून थोडेफार शिकलो, हत्यारे घेतली आणि मशीन पूर्ण उघडले. सगळे भाग पंपावरून आणलेल्या पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवले, मग ब्रशने धुतले. गाळ गेला, पण तीन डाग काही हटत नाहीत. चावीच्या दांड्याजवळ प्लेटवर तांबूस-तपकिरी, एका कडेला हिरवा आणि वरच्या ब्रिजवर काळपट. शेजारी म्हणतात चिंच लावा, मुलगा म्हणतो टूथपेस्ट, घड्याळजी म्हणतात अमोनिया. कोणाचे ऐकू? आणि डाग राहिलेच, तर घड्याळ चालणार नाही का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तिघांचे ऐकण्याआधी डागाला विचारा. तुम्ही ‘तीन डाग’ लिहिले आहेत, पण वर्णनावरून ते तीन निरनिराळे पदार्थ आहेत. एकाला जे विरघळवते ते दुसऱ्याला शिवतसुद्धा नाही, आणि तिसऱ्याच्या बाबतीत विरघळवण्यासारखे कदाचित काही उरलेलेही नसेल.

डागाची जात ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. डोळ्याला लावायचे दहापट भिंग, बाजूने तिरका पडणारा प्रकाश आणि टोक काढलेले पेगवुड एवढे पुरे. पेगवुड म्हणजे घड्याळजी वापरतात ती बारीक, टणक लाकडी काडी. ती पितळेवर किंवा निकेलच्या मुलाम्यावर ओरखडा पाडत नाही. काडीचे टोक स्वच्छ धातूवरून डागाकडे हळूच सरकवा. टोक अडखळून वर चढले तर डाग उंच आहे : बाहेरून आलेले काहीतरी तिथे चिकटून बसले आहे आणि ते निघू शकते. टोक न अडता पुढे गेले तर डाग सपाट आहे : धातूच्याच पृष्ठभागावर रासायनिक क्रियेने पातळ थर तयार झाला आहे, तो फिका होऊ शकतो. टोक खाली उतरले तर डाग खोल आहे. तिथला धातू खाल्ला गेला आहे, आणि गेलेला धातू कोणत्याही बाटलीतून परत येत नाही.

आधी पेट्रोलविषयी

डागांकडे वळण्याआधी एक तातडीची गोष्ट. घड्याळाचे भाग पेट्रोलमध्ये धुण्याची आपल्याकडची पद्धत जुनी आहे, आणि ती चुकीची नव्हती. मशीनमधल्या पॅलेटच्या टोकांना माणकाचे दोन चिमुकले दगड बसवलेले असतात. बॅलन्स चाकाच्या खालच्या बाजूलाही एक खडा असतो. हे खडे जागच्या जागी धरून ठेवते ती लाख, पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून मिळणारी आपली नेहमीची लाख. पेट्रोलचा तिच्यावर परिणाम होत नाही. स्पिरिटचा मात्र होतो. सुतार फ्रेंच पॉलिश करताना चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात, तो चपडा म्हणजे हीच लाख. म्हणून जुने कारागीर सांगत, बॅलन्स आणि पॅलेट पेट्रोलमध्ये धुवा, स्पिरिटमध्ये नको.

नियम बरोबर होता, पेट्रोल बदलले. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच. ते हवेतली ओलही ओढून घेते, आणि पोलादी भागांना तेच तर नको असते. शिवाय गाडीच्या इंधनातली इतर मिश्रणे पेट्रोल उडून गेल्यावर भागांवर पातळ थर मागे ठेवतात. तुमचे पॅलेट रात्रभर त्यात होते. तेव्हा जोडणी करण्याआधी भिंगाखाली दोन्ही दगड तपासा. पेगवुडने अगदी हलके ढकलून पाहा. जराही हलले तर ते काम घड्याळजींकडे सोपवा. दगड किती बाहेर ठेवायचा हे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक माप असते, ते अंदाजाने साधत नाही.

यापुढे बॅलन्स आणि पॅलेटसाठी लायटरमध्ये भरायचे नॅप्था वापरा, तेही दोन-चार मिनिटांपुरतेच. स्वयंपाकघरात नको, खिडकी उघडी ठेवून, आणि जवळपास देवासमोरचा दिवासुद्धा नको.

तांबूस-तपकिरी डाग

हा प्लेटचा डाग नाही, शेजाऱ्याचा आहे. प्लेट पितळेची, वर निकेलचा मुलामा. पितळेला तांबडा गंज चढत नाही. पाणी घड्याळात शिरते ते बहुधा चावीच्या बाजूने. तिथेच पोलादी दांडा, क्लच आणि चावी-काटे जुळवणारे छोटे खटके असतात. ते गंजले आणि त्यांचा गंज ओघळून प्लेटवर बसला. म्हणून हा डाग बहुतेक वेळा ‘उंच’ असतो, आणि तिघांत सर्वांत लवकर हार मानतो.

त्यावर पातळ मशीन ऑइलचा थेंब टाकून एक दिवस जाऊ द्या. मग पेगवुडचे टोक छिन्नीसारखे चपटे करून आडवे खरवडा. काडी मळली की नवे टोक काढा, नाहीतर निघालेला गंजच पुढे सँडपेपरचे काम करतो. उरलेल्या छटेसाठी गंज काढण्याचे द्रव मिळतात. त्यांतला आम्ल नसलेला, लोहाला रेणूंच्या पकडीत धरून सोडवून नेणारा प्रकार निवडा. तो पितळेला आणि निकेलला सहसा धक्का लावत नाही.

खुद्द पोलादी भागांवरचा गंजही याच द्रवाने काढता येतो, पण दोन अपवाद ध्यानात ठेवा. जुन्या स्विस घड्याळांत निळे स्क्रू दिसतात. तो निळा रंग लावलेला नसतो. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर त्याच्या पृष्ठभागावर लोहाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो, तो आपल्याला निळा दिसतो. गंज काढणारे द्रव त्यालाही गंजच समजते आणि स्क्रू पांढरे पडतात. दुसरा अपवाद चाकांच्या टोकांचा. ज्या पिव्हटवर चाक फिरते त्यावर गंजाने खड्डा पाडला असेल तर तो भाग साफ करून उपयोग नाही, बदलायलाच हवा. जनता या बाबतीत सुदैवी आहे. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षे चावीची हातघड्याळे प्रचंड संख्येने बनवली. २०१६ मध्ये घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला, तरी बंद पडलेल्या दुसऱ्या जनतामधून चाक काढून घेणे आजही शक्य आहे.

एखादा स्क्रू गंजून प्लेटमध्येच तुटला असेल, तर घड्याळजींचा एक जुना उपाय आहे आणि त्याचे सामान तुमच्या घरात असेल : तुरटी. कोमट पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी काचेच्या वाटीत विरघळवा आणि प्लेट त्यात ठेवा. तुरटीचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. ते पोलाद हळूहळू खाते, पितळेला जवळजवळ हात लावत नाही. तुटलेल्या स्क्रूवर बारीक बुडबुडे दिसू लागले की काम चालू झाले असे समजा. काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. अट एकच : प्लेटवरचा प्रत्येक पोलादी भाग आधी काढलेला असावा. ठोकून बसवलेली पोलादी खुंटी विसरलात तर तुरटी तीही खाईल, कारण तिला नको असलेला स्क्रू आणि हवी असलेली खुंटी यांतला फरक कळत नाही.

हिरवा डाग

हिरवा म्हणजे तांबे. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण आहे. मुलामा जिथे पातळ असतो, म्हणजे कडा आणि भोकांच्या काठांवर, तिथे ओल, क्षार आणि हवा मिळून तांब्याचे हिरवे क्षार तयार करतात. पुराच्या पाण्यात क्षारांना तोटा नव्हताच. कधी जुने तेलही याला कारण असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत घड्याळाचे उत्तम तेल पॉर्पॉइज आणि पायलट व्हेल यांच्या जबड्यातून काढत. अशा प्राणिज तेलातली आम्ले पितळेशी मिळून हिरवा चिकट साबण बनवतात. जुने खिशातले घड्याळ उघडल्यावर भोकांभोवती दिसणारी हिरवी कडी बऱ्याचदा हीच असते.

आता चिंचेचा विचार करू. चिंचेतले टार्टारिक, लिंबातले सायट्रिक आणि आमसुलातले आम्ल तांब्याचा हिरवा-काळा थर खरोखरच विरघळवते. देवाची उपकरणी आपण तशीच तर उजळतो. पण पळीचे वजन थोडे घटले तर पूजेत खंड पडत नाही. घड्याळाच्या प्लेटमधले भोक थोडे मोठे झाले तर चाक कलते आणि दात अडकतात. शिवाय आम्लात जास्त वेळ राहिलेल्या पितळेतले जस्त आधी निघून जाते आणि मागे गुलाबी छटा उरते. हिरवा डाग घालवून गुलाबी विकत घेतल्यासारखे होईल. चिंच नको.

घड्याळजींचा अमोनिया इथे योग्य आहे. एक कप डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या द्रव साबणाचे काही थेंब आणि चमचाभर सौम्य अमोनिया. फक्त प्लेट आणि ब्रिज त्यात टाका. बॅलन्स व पॅलेट मुळीच नाही, कारण अमोनियाही लाखेला पोखरतो. तीन मिनिटांनी बाहेर काढा, मऊ ब्रश फिरवा, पाहा. गरज वाटल्यास आणखी तीन मिनिटे. द्रव निळसर होऊ लागले तर ती धोक्याची खूण समजा. अमोनियात तांबे विरघळले की निळा रंग येतो, आणि डागातले तांबे संपले की अमोनिया प्लेटमधले तांबे घ्यायला लागतो. ब्लीचची बाटली त्या खोलीतही ठेवू नका. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतो.

‘रात्रभर ठेवले तर अधिक स्वच्छ होईल’ हा मोह इथे विशेष महाग पडतो, आणि त्याचा धडा हिंदुस्थानातच मिळालेला आहे. ब्रिटिश सैन्य पावसाळ्यात पितळी काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत साठवून ठेवी. पाऊस संपल्यावर पाहावे तर काडतुसांना चिरा गेलेल्या. ठोकून-दाबून घडवलेल्या पितळेत ताण शिल्लक असतो. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया आणि पावसाळी ओल त्या ताणलेल्या जागी आत शिरून धातू फोडत होते. हे कोडे १९२१ मध्ये उलगडले. घड्याळाची जाड प्लेट तशी दणकट असते. पण पातळ पत्र्याचे दाबून बनवलेले भाग त्या काडतुसांच्याच कुळातले आहेत. मिनिटे मोजा, रात्री नको.

काळपट डाग

हा डाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण याची तीन उत्तरे असू शकतात.

नॅप्थात भिजवलेली कापसाची काडी त्यावर अर्धा मिनिट टेकवून ठेवा. काडी तपकिरी झाली तर ते वाळलेले तेल आहे. तेल वर्षानुवर्षे हवा खाऊन घट्ट होते आणि वार्निशसारखे चढते. ब्रिज नॅप्थात रात्रभर बुडवा, सकाळी पेगवुडने खरवडा. तरी उरले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, ब्रिजवर लाख नसते. या एका डागाच्या बाबतीत धीर हेच खरे औषध आहे.

काडी स्वच्छ राहिली आणि पेगवुडला काही अडले नाही, तर तो धातूवरचा पातळ काळा थर आहे. वर सांगितलेल्या अमोनियाच्या पाण्याने तो थोडा उजळेल. पूर्ण गेला नाही तरी चालेल.

आणि पेगवुड खाली उतरले, तिरक्या प्रकाशात बारीक खड्डे दिसले, त्यांच्या तळाशी पिवळट किंवा तांबूस चमक असली, तर मुलामा फुटून आतले पितळ खाल्ले गेले आहे. इथे थांबा. तुमच्या मुलाची टूथपेस्ट नेमकी इथेच घात करते. टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, धातूचे पॉलिश या सगळ्यांत घासणारे कण असतात. निकेलचा मुलामा काही मायक्रॉन जाडीचा. खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचायचे तर आजूबाजूचा सगळा मुलामा घासून काढावा लागेल. बोटभर डाग घालवायला आख्खा ब्रिज उघडा पडेल, आणि उघडे पितळ पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काळवंडेल. शिवाय ते पांढरे कण भोकांत आणि स्क्रूच्या आट्यांत जाऊन बसतात. काचेच्या तंतूंचा ब्रशही असाच. त्याचे तुकडे मशीनमध्ये राहतात आणि बोटात घुसतात.

धुतल्यानंतरचे डाग

पुष्कळांचे ‘हट्टी’ डाग खरे तर धुतल्यानंतर पडलेले असतात. नळाचे पाणी वाळले की त्यातला क्षार पांढऱ्या कड्यांच्या रूपाने मागे राहतो. म्हणून शेवटचे दोन हात डिस्टिल्ड पाण्याचे, त्यानंतर प्लेट आणि ब्रिज आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून काढा म्हणजे भोकांतले पाणी निघून येते. मग हेअर ड्रायरची मंद गरम हवा. कोकणात जुलैच्या हवेत भाग ‘आपोआप वाळतील’ म्हणून ठेवले तर पोलादावर दुसऱ्या दिवशी गंज दिसेल. आणि वाळल्यावर उघड्या बोटांनी धरू नका. घामातले मीठ आणि आम्ल निकेलवर बोटाचा ठसा कायमचा कोरते. रबराच्या बोटटोप्या स्वस्त मिळतात.

घड्याळ चालेल का?

चालेल. ब्रिजवरचा काळा डाग वेळ चुकवत नाही. जनताचे बॅलन्स सेकंदाला पाच ठोके देते, तासाला १८,०००. त्या ठोक्यांना डागाशी देणेघेणे नाही, त्यांना घर्षणाशी आहे. म्हणून तुमचा सगळा हट्ट दिसणाऱ्या डागांवरून उचलून न दिसणाऱ्या जागांवर आणा. माणकांच्या १७ खड्यांपैकी ज्यांत चाकांची टोके फिरतात त्या भोकांत पेगवुडचे टोक घालून फिरवा, ते स्वच्छ बाहेर येईपर्यंत. बॅलन्सच्या वरखालच्या टोपीच्या खड्यावर वाळलेल्या तेलाचे मधाच्या रंगाचे कडे असते, ते जायलाच हवे. छोट्या चाकांच्या दातांमधल्या खाचा एकेक करून तपासा. स्प्रिंगच्या डबीतला गाळ काढा.

गाळाची भीती बाळगा, कारण त्यात वाळूचा बारीक कण असतो. क्वार्ट्झचा काठिण्यांक ७, माणकाचा ९. माणकाचे भोक टिकते. पण जिथे चाक थेट पितळेत फिरते, तिथे कण मऊ पितळेत रुतून बसतो आणि फिरणारे पोलादी टोक दररोज थोडे थोडे कापतो. तुमच्या घड्याळातला सर्वांत धोकादायक डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही तो हा.

प्रश्न : डाग काढून मशीन चकचकीत केले तर जुन्या घड्याळाची किंमत वाढते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : स्वच्छ मशीनला किंमत असते, घासलेल्याला नसते. कारखान्यात ब्रिजच्या कडा धारदार ठेवलेल्या असतात आणि पृष्ठभागावर समांतर रेघांची किंवा रवाळ अशी ठरावीक नक्षी असते. जाणकार गिऱ्हाईक भिंगातून तीच पाहते. पॉलिशने कडा गोल होतात, कोरलेली अक्षरे बुजतात. जुन्या खिशातल्या घड्याळांच्या सोनेरी मुलाम्याबाबत तर जास्तच जपा. तो मऊ, रवाळ असतो आणि एकदा ब्रश जोरात फिरला की ती जागा कायमची वेगळी दिसते. जुन्या पुस्तकांत सोनेरी प्लेट सायनाइडच्या पाण्यात बुडवून उजळण्याची कृती सापडते. ती वाचून सोडून द्या, तो जीवघेणा प्रकार आहे.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या स्विस घड्याळाची तबकडी रात्री पूर्वी चमकायची, आता चमकत नाही. तिच्यावर काट्याच्या आकाराचा तपकिरी डाग पडला आहे. तो कशाने निघेल?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : तो काढू नका. १९६० च्या दशकापर्यंत अनेक घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावत. घड्याळ वर्षानुवर्षे बंद पडून राहिले की काटा एकाच जागी थांबतो, आणि त्याच्या किरणांनी खालची तबकडी भाजून निघते. डाग धातूवर नाही, रंगाच्या थराच्या आत आहे, म्हणून धुऊन जात नाही. चमक गेली याचा अर्थ रेडियम संपले असा नाही. किरण झेलून उजळणारे झिंक सल्फाइड झिजले, एवढेच. रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १,६०० वर्षांचे असते. तुमच्या आजोबांच्या हयातीपासून आजवर त्यात नावालाच घट झाली आहे.

बंद घड्याळ कपाटात असले तर फार काळजीचे कारण नाही. धोका आहे तो रंगाची भुकटी श्वासात किंवा पोटात जाण्याचा. तेव्हा तबकडी खरवडू नका, फुंकर मारू नका, मशीन उघडून ब्रश फिरवू नका, कारण झडलेली भुकटी प्लेटवरही बसलेली असते. घड्याळ चालू करायचेच असेल तर रेडियमचे काम जाणणाऱ्या कारागिराकडे द्या आणि हातात देतानाच त्यांना तसे सांगा. तोवर ते झाकणाच्या डबीत, झोपायच्या खोलीबाहेर, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा. हाताळल्यावर साबणाने हात धुवा.